मधुमेहाच्या पायाला चांदीची पट्टी : वापरून, बघून, धुऊन झाल्यावरचा अभिप्राय

आधीच सांगते, या पट्ट्या मी विकत नाही, कुठल्या कंपनीचा माणूस मला ओळखत नाही आणि मी डॉक्टरही नाही. सरकारी रुग्णालयाच्या सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स म्हणून नोकरी झाली. निवृत्त होऊन मालवण तालुक्यातल्या माझ्या गावी आले आणि तेव्हापासून वाडीतल्या लोकांची ड्रेसिंगं माझ्या ओटीवर होतात. डॉक्टरांनी लिहून दिलेलं सामान पेशंट घेऊन येतो, मी हात धुऊन, ग्लोव्हज चढवून पट्टी बदलते. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या आणि वेगवेगळ्या भावांच्या जंतुनाशक पट्ट्या हाताखालून गेल्या, आणि कोकणातल्या घामट हवेत त्या कशा वागतात तेही बघायला मिळालं. खाली प्रकारांची नावं दिली आहेत, कंपन्यांची नाहीत. एकाच प्रकाराचा माल चार कंपन्या काढतात, आणि माझ्या बघण्यात जखमेला कंपनीशी फारसं देणंघेणं नसतं.

हे लिहायचं कारण एकच. पायाला जखम झाली की घरातलं कोणीतरी मेडिकलवर जाऊन ‘सगळ्यात भारी पट्टी द्या’ म्हणतं. मेडिकलवाला देतो. मग महिनाभर हजारो रुपयांची चांदी बांधून पेशंट त्याच पायावर बाजारात फिरतो, आणि जखम आहे तिथेच.

आपल्याकडे हे पाय कमी नाहीत. २०२३ मध्ये आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा, देशभराचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारतात १० कोटींच्या वर लोकांना मधुमेह असल्याचं आलं, आणि प्रमाण सगळ्यात जास्त निघालं ते आमच्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. तेरेखोलची खाडी ओलांडून इकडे आलं की आकडा एकदम खाली उतरत असेल असं मला तरी वाटत नाही. भात तोच, मासे तेच, आणि अनवाणी फिरायची सवयही तीच.

साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. खिळा टोचला, शिंपला कापला, एप्रिलमधल्या दुपारी देवळाच्या जांभ्या दगडाच्या प्रांगणात तळवा भाजला, काही कळत नाही. पावसाळ्यात चुलीजवळ पाय शेकताना फोड येतात ते सकाळी दिसतात. रात्री झोपेत उंदराने बोट कुरतडल्याचंही मी पाहिलं आहे, आणि पेशंट शांत झोपलेला. आमच्याकडचं ठरलेलं वाक्य आहे, ‘दुखत नाय, मगे जखम कसली?’ दुखत नाही हाच रोग आहे, हे समजवायला मला पट्टी बांधण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आता चांदी. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या एका आबांना मी पहिल्यांदा चांदीची पट्टी लावली तेव्हा त्यांनी किंमत ऐकून विचारलं, ‘सिस्टर, चांदी आसा म्हणतास ह्येच्यात, मगे वापरून झाल्यार सोनार मोडीत घेतलो काय?’ हसण्यावारी नेलं, पण प्रश्न रास्त होता. तुम्ही पैसे कशाचे देता? पट्टीला ओल मिळाली की तिच्यातून चांदीचे आयन सुटतात, ते जंतूच्या आवरणातल्या प्रथिनांना आणि आतल्या एन्झाइमांना जाऊन चिकटतात आणि जंतूचा कारभार बंद पाडतात. म्हणजे पैसे आहेत ते या सुटणाऱ्या आयनांचे. ओलच नसेल तर काही सुटत नाही. काळ्या, कोरड्या, सुकलेल्या बोटावर चांदी बांधून आणतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. त्या बोटाला रक्त पोचत नसतं, आणि ते कुठल्याही पट्टीने पोचत नाही.

चांदीच्या पट्ट्यांतली माझी आवडती म्हणजे सिल्व्हर अल्जिनेट. अल्जिनेट समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून काढतात. कोरडी असताना कापसाच्या चपट्या घडीसारखी दिसते. जखमेतल्या पाण्यातलं सोडियम आणि पट्टीतलं कॅल्शियम यांची अदलाबदल झाली की तिचा लगदा होतो, आणि तो जखमेला चिकटून बसत नाही. सलाईनची धार सोडली की सुटून येतो. डॉक्टरांनी मेलेला भाग कापून काढलेला असेल, थोडं रक्त झिरपत असेल, तर हीच पट्टी रक्त थांबायलाही मदत करते. खोल भोकासाठी ती दोरीच्या रूपात मिळते. अंगठ्याच्या मुळाशी तळव्यात जी गोल, खोल जखम होते, त्यात ही दोरी सैलसर भरायची, ठासायची नाही, आणि तिचं एक टोक बाहेर ठेवायचं. जेवढी आत गेली तेवढी बाहेर आली की नाही ते बघायचं. आत राहून गेलेला तुकडा नंतर फार त्रास देतो.

तक्रार आहे ती आकाराबद्दल. १० बाय १० सेंटिमीटरचा चौकोन घेतला आणि जखम रुपयाच्या नाण्याएवढी असली की बाकीचं काय करायचं? पाकीट फोडलं की उरलेला तुकडा निर्जंतुक राहत नाही. लोक तो फ्रीजमध्ये, डब्यात, देव्हाऱ्यातसुद्धा जपून ठेवतात. आणि मोठा तुकडा तसाच जखमेवर पसरला तर कडेची चांगली कातडी ओली राहून पांढरी, फुगलेली होते, मग जखम आणखी रुंदावते. ५ बाय ५ चा तुकडा मागा. मेडिकलवाला ‘तो आकार येत नाही’ म्हणाला तर मागवायला सांगा, येतो. जखमेत पाणी भरपूर असेल तेव्हाच ही पट्टी. पाणी आटत आलं की ती सुकून जखमेला धरून बसते, तेव्हा बदला. पाचपैकी चार.

सिल्व्हर फोम, म्हणजे स्पंजासारखी, बहुतेकदा चिकट कडांची. दिसायला सगळ्यात सुबक, आणि पाकिटावर सात दिवसांपर्यंत ठेवता येते असं लिहिलेलं असतं. एसी खोलीत झोपून असलेल्या माणसाला ते जमत असेल. आमच्याकडे जून लागला की चिकट कडा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुटायला लागतात. घामाने वरून, पावसाने बाहेरून. सुटलेल्या कडेतून वाळू आत जाते, मुंग्याही जातात. टाचेला लावली तर चालताना गोळा होऊन एका बाजूला सरकते, आणि मग त्या गोळ्याचाच दाब जखमेवर. पावसाळ्यात मी बिनकडांचा फोम मागते, वर गॉजची घडी, त्यावर रोलर बँडेज हलक्या हाताने, आणि शेवटी कागदी टेप फक्त बँडेजवर, कातडीवर नाही. मधुमेही पायाची कातडी पातळ असते, चिकटपट्टी ओढताना ती पट्टीबरोबर येते आणि एक नवीन जखम तयार. बाहेर जाताना प्लास्टिकची पिशवी बांधा, पण घरी आल्याबरोबर सोडा. पिशवीतच तासन्‌तास राहिलेला पाय उकडून निघतो. फोमला उन्हाळ्यात चार, पावसाळ्यात अडीच.

एक गडद रंगाची, पातळ, नॅनो कणांची चांदी असलेली पट्टी मिळते. तिच्यातली चांदी जोरात सुटते आणि वास मारणाऱ्या जखमेवर तिचा फरक लवकर जाणवतो. पण यातली मेख फार जणांना कुणी सांगत नाही. ती ओली करायची तर निर्जंतुक पाण्याने, सलाईनने नाही. सलाईन म्हणजे मीठपाणी, त्यातलं क्लोराइड चांदीला धरून ठेवतं आणि पट्टीचा जोर तिथेच कमी होतो. सूचनांच्या कागदावर हे असतं, बारीक अक्षरात, इंग्रजीत. मराठीत दोन ओळी छापल्या तर कंपनीचं काय जाईल? ही पट्टी लावल्यावर कातडी राखाडी किंवा काळपट दिसते. घाबरू नका, बहुतेक वेळा तो चांदीचा डाग असतो. पण काळं पडलेलं धुऊनही जात नसेल, बोट थंड असेल, तर तो डाग आहे असं स्वतःच ठरवू नका.

आणि गरिबाची चांदी म्हणजे सिल्व्हर सल्फाडायझिन मलम. भाजलेल्या पेशंटसाठी वॉर्डात डबेच्या डबे यायचे. स्वस्त आहे, तालुक्यात कुठेही मिळतं. पायाच्या जखमेवर मला ते आवडत नाही, कारण दोन दिवसांत त्याचा पिवळट-पांढरा थर बसतो आणि त्याखाली पू आहे की मलम, कळत नाही. लावायचंच असेल तर रोज सगळं धुऊन पुन्हा लावा, आणि आधी विचारा की सल्फाच्या गोळ्यांची ॲलर्जी कधी आली होती का.

चांदी किती दिवस? चांदीच्या पट्ट्या कशा वापराव्यात यावर २०१२ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने एकमत मांडलं, त्यात दोन आठवड्यांचा हिशेब आहे. दोन आठवडे लावा, मग थांबून बघा. जंतूंचा जोर ओसरला असेल, वास गेला, पाणी कमी झालं, तर साध्या पट्टीवर या. काहीच फरक नसेल तर चांदी चालू ठेवण्यात अर्थ नाही, कारण दुसरं काहीतरी चुकतंय. मी हे काटेकोर पाळते. दोन महिने अखंड चांदी बांधणारा पेशंट माझ्याकडे आला की मी आधी त्याला परत डॉक्टरांकडे पाठवते, पट्टी नंतर.

आयोडीनबद्दल. बीटाडीनची तपकिरी बाटली आमच्याकडे प्रत्येक घरात, कुलदैवताच्या तसबिरीच्या शेजारी. सुरुवातीला चिखल-माती लागलेली जखम साफ करताना ठीक आहे. पण तीच दाट बाटली महिनाभर रोज ओतायची, वर हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस काढायचा, याने जंतूंबरोबर नव्याने येणाऱ्या पेशींनाही मार बसतो. फेस आला म्हणजे घाण निघाली अशी समजूत आहे. फेस चांगल्या मांसावरही येतो. आयोडीनचा चांगला प्रकार म्हणजे कॅडेक्सोमर आयोडीन, मलमाच्या किंवा पट्टीच्या रूपात. स्टार्चच्या बारीक मण्यांत आयोडीन धरलेलं असतं, मणी जखमेचं पाणी पितात, फुगतात आणि आयोडीन हळूहळू सोडतात. रंग तपकिरी असतो तोवर काम चालू आहे, फिका पांढरट झाला की संपलं, बदला. पट्टी कधी बदलायची हे पट्टीनेच सांगणं, ही सोय मला फार आवडते, कारण घरातल्या सुनेला ते फोनवर सांगता येतं. थायरॉइडचा आजार असेल, किडनी नाजूक असेल, गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मिळायला मात्र त्रास. मालवणात हाताशी नसतं, कुडाळला किंवा कणकवलीला सांगून ठेवावं लागतं, कधी कोल्हापूरहून येतं. साडेतीन, त्यातला अर्धा मिळण्याच्या त्रासापायी कापलेला.

मध. मेडिकल ग्रेडचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो आणि नळीत किंवा पट्टीत येतो. रानातून आणलेला पोळ्याचा मध म्हणजे तो नव्हे, कितीही शुद्ध असला तरी. कच्च्या मधात क्लॉस्ट्रिडियम नावाच्या घातक जंतूची बीजं असू शकतात. बधिर नसलेल्या पायाला मध चुरचुरतो, आणि पहिले काही दिवस पाणी वाढतं. तीन देते, जास्त नाही.

हळद, कॉफी पावडर, टूथपेस्ट, एकदांडीचा पाला, विड्यातला चुना यांना गुण नाहीत. हे सगळं धुऊन काढण्यात माझा अर्धा तास जातो आणि खाली जखम कशी आहे ते कळत नाही, म्हणून गुण नाहीत. पाल्यावर माझा राग नाही, लहानपणी आम्हीही ढोपर फुटल्यावर चोळला आहे. पण ते ढोपर दुखत होतं.

समुद्राच्या पाण्याबद्दल मात्र चार ओळी जास्त लिहिते, कारण हे किनाऱ्यावरच चालतं. ‘खारां पाणी लागलां काय जखम बरी होता’ असं म्हणून पाय लाटेत धरून उभे राहणारे मी बघते. उबदार समुद्रात आणि खाडीत व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू राहतो. मधुमेही किंवा लिव्हर बिघडलेल्या माणसाच्या उघड्या जखमेतून तो आत गेला तर मांस काही तासांत सडत जातं आणि जीवावर बेततं. नेहमी होत नाही, खरं आहे. झालं तर मात्र गोव्याला बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयापर्यंत पोचेस्तोवर उशीर होतो. मीठपाण्याने धुवायचं तर सलाईनची बाटली घ्या, स्वस्त असते, आणि एकदा फोडलेली आठवडाभर पुरवू नका. तसंच लावणीच्या चिखलाचं. लेप्टोची, म्हणजे उंदराच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची, साथ सिंधुदुर्गाला नवी नाही, आणि त्याचा जंतू भेगाळलेल्या, जखमी कातडीतून सहज शिरतो. पायाला पट्टी असेल तर त्या वर्षी लावणीला दुसऱ्याला उतरवा. मजुरी द्यावी लागेल, द्या.

काउंटरवर याच्याच शेजारी कोलॅजनची पट्टी आणि कायटोसनची पट्टी ठेवलेली असते. कायटोसन कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून काढतात, रक्त थांबवायला उत्तम, आणि जंतूंवरही त्याचा थोडा परिणाम असतो. आमच्याकडे सोड्यांची सालं उकिरड्यावर जातात आणि तीच बाहेरगावाहून पाकिटात बसून परत येतात, याचं मला दर वेळी हसू येतं. कोलॅजन जंतुनाशक नाही. पू असलेल्या जखमेवर ते लावायचंच नसतं. ‘मांस भरून येतं’ म्हणून लोक घेतात आणि पुवावर बांधतात, सगळेच पैसे पाण्यात.

मग या जंतुनाशक पट्ट्यांनी जखम लवकर भरते का? एवढी वर्षं बघून माझं मत बनलंच होतं, पण माझी ओटी म्हणजे काही अभ्यास नव्हे. २०१७ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पारखणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मधुमेही पायावरच्या जंतुनाशक औषधांचे २२ अभ्यास एकत्र तपासले, एकूण २३१० पेशंट. जंतुनाशक पट्टीने थोड्या जास्त जखमा भरत असाव्यात असं निघालं, पण पुरावा कच्चा, ठामपणे सांगण्यासारखा नाही. ब्रिटनमध्ये २००९ साली ३१७ पेशंटवर झालेला अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. साधी न चिकटणारी जाळीची पट्टी, आयोडीनची पट्टी आणि पाणी शोषून घेणारी महाग धाग्यांची पट्टी, अशा तिघींची तुलना. २४ आठवड्यांनी बरं होण्याच्या प्रमाणात फरक नाही, आणि स्वस्तात पडली ती साधी. मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०२३ च्या मार्गदर्शनात सरळ लिहिलं आहे की केवळ जखम भरावी म्हणून चांदी, आयोडीन, मध यांच्या पट्ट्या वापरू नका. उलट २०१८ च्या युरोपातल्या एका अभ्यासात, नसा आणि रक्तपुरवठा दोन्ही बिघडलेल्या २४० पेशंटमध्ये, सुक्रोज ऑक्टासल्फेट नावाचं द्रव्य लावलेल्या पट्टीने २० आठवड्यांत ४८ टक्के जखमा भरल्या, साध्या पट्टीने ३० टक्के. ती पट्टी जंतू मारणारी नव्हेच.

म्हणून चांदीला मी चार देते ते तिच्या दोन आठवड्यांच्या कामाला, जखम भरण्याला नव्हे. वास जातो, पाणी आटोक्यात येतं, घरचे पुन्हा पेशंटच्या जवळ बसून जेवायला लागतात. हे कमी नाही. वास मारणाऱ्या पायाचा माणूस ओटीच्या कोपऱ्यात एकटा पडतो, हे कुठल्या अभ्यासात मोजत नसतील, मी मोजते.

भरण्याचं काम दुसऱ्याच गोष्टी करतात, आणि त्यांत सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे जखमेवरचा दाब काढणं. तळव्याच्या जखमेवर तुम्ही दिवसभर उभे राहता, प्रत्येक पावलाला ती चिरडते. कडेने घट्टा वाढतो, तो डॉक्टरकडून किंवा शिकलेल्या हाताकडून नीट खरवडून काढावा लागतो, घरी ब्लेडने नाही. त्यानंतर पाय असा बांधायचा की जखमेवर वजनच येऊ नये. सगळ्यात खात्रीचं म्हणजे गुडघ्यापर्यंतचं न काढता येणारं प्लास्टर किंवा बूट. काढता येत नाही हाच त्याचा गुण, कारण काढता येणारं लोक काढतात. वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांवर काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच ओळखलं होतं की या पायांची बोटं रोगाने झडत नाहीत, न कळणाऱ्या दाबाने आणि जखमांनी जातात. एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या, चपला कुष्ठरोग्यांसाठी आल्या त्या याच विचारातून, आणि आज मधुमेह्यांना त्याच लिहून देतात. मऊ तळ, मागे पट्टा, खिळा कुठेही नाही. रक्तपुरवठा कमी असेल किंवा जंतुसंसर्ग जोरात असेल तर प्लास्टर चालत नाही, ते डॉक्टर नाडी बघून ठरवतात.

इथे किनाऱ्यावर अडचण वेगळीच. आमच्या देवळातल्या गुरवकाकांच्या तळव्याला जखम. मी चप्पल म्हटलं तर, ‘गाभाऱ्यात चपला घालून जाव काय?’ बरोबरच आहे त्यांचं. शेवटी डॉक्टरांनी फेल्टचा, म्हणजे नमद्यासारख्या दाबलेल्या कापडाचा, जाड तुकडा जखमेपुरतं भोक पाडून तळव्याला बसवायचा सल्ला दिला, म्हणजे वजन आजूबाजूला पडतं. वर बँडेज, वर नवा सुती मोजा, जो फक्त देवळातच घालायचा. त्यांच्या मनाला पटलं. पूजेपुरतं चालायचं, नैवेद्याचं ताट मुलाने न्यायचं, बाकीचा दिवस पाय लोडावर. या फेल्टचा खर्च चांदीच्या एका पट्टीएवढाही नव्हता. जखम आठवड्याला दिसेल इतकी लहान होत गेली, तीही साध्या सलाईन-गॉजवर. फेल्ट दबून चपटा होतो, तो वेळच्या वेळी बदलावा लागतो. याला मी पाच देते, आणि हे कुठल्याही मेडिकलच्या काचेत मांडलेलं नसतं.

मच्छी मार्केटात बसणाऱ्या काकींचं तसं जमलं नाही. बर्फाचं पाणी, खवल्यांचा चिखल, दिवसभर उभं काम. फोम लावा, अल्जिनेट लावा, संध्याकाळी सगळं भिजून लिबलिबीत. त्यांना गमबूट घ्यायला लावले, तर बुटातच घामाने पाय सडायला लागला. तिथे पट्टीला दोष देण्यात अर्थ नाही. बसून विकायला उंच स्टूल आणि पायाखाली कोरडी फळी, एवढं मिळालं तेव्हा गाडी जरा पुढे सरकली.

जखमेच्या मापाची नोंद ठेवा. साध्या शाळेच्या पट्टीने लांबी-रुंदी, आठवड्याला एकदा, शेजारी तीच मोजपट्टी ठेवून मोबाइलवर फोटो. चार आठवड्यांत जखम निम्म्यावर आली नाही तर उपचारच पुन्हा तपासायचे, पट्टीचा ब्रँड बदलायचा नव्हे. डॉक्टरांनी जखमेत घातलेली सळई हाडाला टेकते का, एक्स-रेत हाड खाल्लेलं दिसतं का, पायाची नाडी लागते का, साखर कुठे आहे, हे बघायला लागतं. आणि कडेची लाली जखमेपासून दोन सेंटिमीटरच्या वर पसरली, थंडी वाजून ताप आला, बोट काळं पडलं, किंवा जखम नसतानाही एकच पाऊल लाल, गरम आणि सुजलेलं दिसलं, तर पट्टीचं बोलूच नका. त्याच दिवशी रुग्णालय. ओरोसला वैद्यकीय महाविद्यालय आहे, रत्नागिरीला आहे, बांबोळी आहे. ‘गणपती होऊन जाऊ दे, मग बघू’ हे वाक्य मी भाद्रपदात दर वर्षी ऐकते. त्यानंतर अंगठा गेलेला माणूस पुढच्या वर्षी आरतीला एका पायावर जोर देऊन उभा असतो.

खरेदीला निघालात तर एवढं बघा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पट्टीचा प्रकार, आकार आणि किती दिवसांनी बदलायची ते लिहून घ्या. नुसतं ‘सिल्व्हर ड्रेसिंग’ लिहिलेलं असेल तर मेडिकलवाला हाताला लागेल ते देतो, आणि त्यातली एक पाणी शोषणारी असते तर दुसरी अजिबात नसते. एकदम पूर्ण बॉक्स घेऊ नका, दोन-तीन नग घ्या, कारण आठवड्याभरात प्रकार बदलायची वेळ येऊ शकते आणि फोडलेला बॉक्स कोणी परत घेत नाही. एक्स्पायरी बघा. आमच्याकडच्या दुकानांत ही पट्टी फारशी खपत नाही, म्हणून जुना माल पडून असतो. पाकीट हवेने फुगलेलं, ओलसर किंवा कडेला उसवलेलं असेल तर तिथेच परत द्या. पावसाळ्यात कपाटातही दमट होतं, तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, फ्रीजमध्ये नको. आणि रिकामं पाकीट टाकू नका. पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवायला लागतं, कारण ‘ती निळ्या खोक्यातली’ एवढ्यावरून त्यांना काहीच कळत नाही.